घाटावरचं मीठ

किराणा दुकानात रात्री बाहेर राहणारा माल एकच, तो म्हणजे मीठ. इंदापूरच्या पेठेत आमचं दुकान आजोबांनी थाटलेलं. फळ्या लावायच्या वेळी डाळी, साखर, गूळ, खोबरं सगळं आत जायचं आणि खड्या मिठाचं पोतं ओट्यावर, दोन विटांवर टाकलेल्या फळीवर तसंच उभं राहायचं. आत घेतलं तर आषाढात त्याला पाणी सुटायचं आणि शेजारच्या साखरेच्या पोत्याचीही वाट लागायची. चोरीची भीती नव्हतीच. एक तर मीठ चोरणं पाप, आणि दुसरं म्हणजे चोराला परवडायला नको का?

आता मी गल्ल्यावर कमी आणि बाहेरच्या खुर्चीवर जास्त बसतो. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "काका, यातलं चांगलं मीठ कुठलं?" समोर मांडणीवर आयोडीनचं बारीक, कमी सोडियमचं, खडे मीठ, सैंधव, पादेलोण आणि चकचकीत पाकिटातलं गुलाबी. तूरडाळ मोजून होईपर्यंत देता येईल असं हे उत्तर नाही, म्हणून लिहायला बसलो. बारामती-इंदापूरच्या माणसानं मीठ जिभेनं कधी निवडलंच नाही. जे घाट चढून आलं, ज्यावरचा कर कसाबसा झेपला आणि ज्यानं पावसाळा काढला, ते त्यानं खाल्लं. चव मागाहून जुळवून घेतली.

आमच्यापासून समुद्र दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. पेण, उरण, भाईंदरच्या खाड्यांवर आगरी लोकांनी मिठागरं राखली. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करायचं आणि शेवटच्या उथळ वाफ्यात उन्हावर सोडायचं. थंडी सरताना सुरू झालेला हंगाम पाऊस आला की संपला. ते मीठ घाटवाटांनी वर यायचं ते लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. उतरताना धान्य, चढताना मीठ. पाऊस लागला की गोणीतल्या मिठाचं पाणी होऊन बैलाच्या पोटावरून ओघळणार, म्हणून मृगाच्या आत माल वर यायला हवा आणि घरोघर वर्षाची बेगमी भरायला हवी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि बैलाच्या पाठीवरचं ओझं चाकांवर आलं. तरी पनवेलहून निघालेली गाडी इंदापूरला पोचेपर्यंत दिवसच्या दिवस जायचे.

मिठाची तुलना कशी करावी याचा सर्वांत चोख जुना कागद माझ्या मते शिवाजी महाराजांचा आहे. डिसेंबर १६७१ मध्ये त्यांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहिलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशाचं मीठ स्वस्त पडत होतं, संगमेश्वराकडचं महाग. व्यापारी साहजिकच बारदेशाकडे वळत होते. महाराजांनी हुकूम दिला की बारदेशाच्या मिठावर जकात इतकी चढवा की ते संगमेश्वरच्या मिठाहून महागच पडलं पाहिजे, नाहीतर आपली मिठागरं बुडतील. धंद्यात पडल्यावर मी हे पत्र वाचलं आणि दुकानदार म्हणून तंतोतंत पटलं. खरेदीचा भाव, वाहतूक, जकात: एवढ्यावर मीठ ठरतं. पत्रात चवीचा विषयच नाही.

इंग्रजांना हे गणित आणखी चांगलं कळलं होतं, आणि त्याचा धडा आमच्याच तालुक्यात सापडतो. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या जमीन-पाहणीनं ठरवलेला शेतसारा इंदापूरच्या बरड जमिनीला पेलेना. शेतकरी गावं सोडून शेजारच्या संस्थानांत निघून गेले, जमिनी पड राहिल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी १८३५-३६ साली इंदापूर तालुक्याची नव्यानं जमाबंदी केली, सारा उतरवला आणि तो ३० वर्षांसाठी कायम केला. हीच पद्धत पुढं सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. महसुलाच्या पुस्तकांत इंदापूरचं नाव आहे ते यामुळं, आणि आम्हा इंदापूरकरांना त्याचा अभिमानही वाटतो.

पण पुढचं वर्ष कुणी सांगत नाही. १८३७ साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन मिठावर मणामागं ८ आणे कर बसला. हा सरकारी मण, म्हणजे साधारण ३७ किलो. वाटेवरच्या जकाती उठवायच्या होत्या, त्याची भरपाई मिठातून. सारा जमीनवाल्यानं भरायचा, तोही दुष्काळ पडला तर सूट मागता यायची. मिठाला सूट कसली मागणार? बिनजमिनीचा मजूर, मेंढरामागचा धनगर, येसकर, सगळे या करात आले आणि तो आपण भरतो आहोत हे त्यांना दिसतही नव्हतं. तो भावातच मुरलेला. १८३६ ला आमच्या तालुक्याला एका हातानं जे मिळालं, त्यातलं थोडंफार १८३७ ला मिठाच्या वाटेनं परत गेलं, असं माझं मत.

१८४४ साली ८ आण्यांचा रुपया केला तेव्हा सुरतेत दंगा झाला आणि सरकार १२ आण्यांवर उतरलं. पण तो उतार तेवढ्यापुरताच. १८७८ ला कर मणाला अडीच रुपये, १८८२ ला दोन, १८८८ ला पुन्हा अडीच. अडीच रुपयांचे ४० आणे. म्हणजे किलोमागं आण्याहून थोडा जास्त निव्वळ कर, मीठ आणि गाडीभाडं वेगळं. पाच माणसांच्या घराला वर्षाला पंचवीस-तीस किलो मीठ धरा. पावणेदोन-दोन रुपये नुसत्या कराचे झाले, आणि तो काळ असा की मजुराच्या हातात दिवसाला दोन-तीन आणे पडायचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात १९०२ साली अंदाजपत्रकावर बोलताना हा कर कमी करा म्हणून आकडेवारीनिशी भांडण मांडलं. १९०३ पासून तो उतरत गेला आणि १९०७ ला एक रुपयावर आला.

माणूस मीठ सोडत नाही. कपात झाली ती जनावरांच्या मिठात. आमच्या पट्ट्यात धनगरांची वस्ती दाट. पावसाळ्यात मेंढरांना मीठ चाटायला लागतं, नाहीतर ओला चारा त्यांना मानवत नाही असं जुने धनगर सांगतात. माझ्या लहानपणीही मृगाच्या तोंडावर दुकानात पहिलं मोठं गिऱ्हाईक धनगराचं. तो चव बघायचा नाही, खडा बघायचा. अंगठ्याएवढा खडा पाहिजे, भुगा नको. भुगा मेंढरांच्या तोंडाआधी मातीत जातो. माणसांच्या आणि मेंढरांच्या मिठात आमच्याकडं फरक एवढाच होता.

या सगळ्या काळात मीठ-मिरची विकणारा आणि व्याजानं पैसे देणारा माणूस बहुधा एकच असायचा, हेही सांगून टाकतो. १२ मे १८७५ ला आमच्या शेजारच्या सुप्याला बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जखतं जाळली. दख्खनचे दंगे तिथून सुरू झाले. आमच्या धंद्याच्या इतिहासातलं हे पान आम्ही दुकानदार सहसा उघडत नाही.

तोवर आगगाडी आली होती. १८५८ साली पुण्याहून दौंडवरून रूळ थेट डिकसळपर्यंत आले, म्हणजे इंदापूर तालुक्यात. गंमत अशी की बोरघाटातला लोहमार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडलं. पाच वर्षं आमच्याकडं गाडी होती आणि मिठाला मात्र मधला घाट बैलगाडीनंच चढावा लागत होता. बारामतीला १९१४ साली दौंडहून अरुंद रुळांची छोटी गाडी आली. दौंडला मोठ्या गाडीतलं पोतं हमालाच्या पाठीवरून छोट्या गाडीत जायचं, आणि गोणपाटातून मीठ झिरपणार ते झिरपणारच. तूट कुणाच्या खात्यावर घालायची यावर आजोबांचे वाद चालायचे. रेल्वेमुळं आणखी एक झालं. कच्छच्या छोट्या रणातल्या खाराघोड्याचं मीठ इकडं पोचायला लागलं. तिथं समुद्राचं पाणी नाही. जमिनीखालचं खारं पाणी विहिरींतून उपसून वाफ्यांत आटवतात. खडा मोठा, पांढरा, टणक. त्याला बडागरा म्हणत. त्याच्यापुढं कोकणचं मीठ बारीक, करड्या झाकेचं आणि लवकर ओल धरणारं. आजोबांच्या वेळेपासून बडागऱ्याला भाव जास्त, आणि पाहुणे यायचे असले की तो घेणारी घरं पेठेत ठरलेली.

आता एका अशा मिठाविषयी, जे आम्ही कधीच विकलं नाही.

१८७६ च्या दुष्काळात कामं काढली त्यात नीरा डावा कालवा सुरू झाला. १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. भाटघरच्या धरणाचं पाणी वीरच्या बंधाऱ्यावरून पुरंदर, बारामती करत इंदापूर तालुक्यात आलं. ज्या भागात बाजरीही रुसायची तिथं ऊस उभा राहिला, बारामतीची गुळाची पेठ नावाला आली. पण काळ्या खोल जमिनीला पाणी भरमसाट दिलं आणि निचऱ्याचे चर काढले नाहीत. जमिनीखालचं पाणी वर वर येत गेलं, मातीतले क्षार घेऊन आलं, उन्हानं पाणी उडालं आणि क्षार वर राहिले. पंचवीस वर्षांत परिस्थिती अशी की पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांना १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर वेगळी पुस्तिका काढावी लागली.

माझं आजोळ सणसरकडचं, कालव्याच्या खालच्या अंगाचं. दिवाळीनंतरच्या थंडीत सकाळी मामांच्या खालच्या पट्टीत गेलं की वाफ्यांच्या वरंब्यांवर पांढरी साय आलेली असायची. सूर्य वर आला की ती तडकायची, पायाखाली कुरकुरायची. "खार फुटलाय," मामा म्हणायचे आणि तिकडं बघायचे नाहीत. मी नखानं खरवडून जिभेवर ठेवलं होतं. मिठाची खारट चव सुरुवातीला आली आणि लगेच कडू, साबणासारखं काहीतरी जिभेला चिकटलं. त्यात साधं मीठ असतं, पण सोबत सल्फेट असतं, धुण्याच्या सोड्याचा भाऊबंदही असतो. त्या पट्टीतल्या उसाचा गूळ वेगळा ओळखू यायचा. रंग काळपट, ढेप मऊ, पावसाळ्यात पाझरणारी, आणि गोडाच्या मागून खारट चव. बारामतीच्या पेठेत दलाल ढेपेचा टवका तोंडात टाकून शेत कालव्याच्या वर आहे की खाली, हे सांगायचे. चवीनं मीठ ओळखणारी माणसं मी पाहिली ती एवढीच, आणि ती गुळाच्या धंद्यातली होती.

इंग्रजी कायद्यानं खारी माती खरवडून तिच्यापासून मीठ काढणं हा गुन्हा होता. आमच्या भागात ते कुणी केलंही नसतं, कारण ते खाण्यालायक नव्हतं. पण रानात मीठ वर येतंय, पीक जळतंय, आणि घरातल्या आमटीसाठी कर भरून कोकणातून मीठ आणायचंय, हा हिशेब ज्यांनी सोसला त्यांना त्यातली विसंगती समजावून सांगावी लागत नव्हती.

१९३० साली मिठावरून देश पेटला तेव्हा सत्याग्रह किनाऱ्याला झाले. आपल्याकडं वडाळ्याच्या मिठागरावर लोक गेले, शिरोड्याला १२ मेला सत्याग्रह सुरू झाला. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानं मीठ जिथं तयार होतं त्या भागातल्या गावकऱ्यांना घरापुरतं मीठ गोळा करण्याची, गावात विकण्याची मुभा मिळाली. घाटावरच्या आम्हाला त्यातून काय मिळणार? कर चालूच राहिला. तो उठला १ एप्रिल १९४७ ला. पाठोपाठ फाळणी झाली आणि पंजाबातल्या खेवड्याच्या सैंधवाच्या खाणी पाकिस्तानात गेल्या. देशात मिठाची तंगी झाली. मिठाच्या बाबतीत देश स्वयंपूर्ण झाला तो १९५३ साली.

आमच्या दुकानातला मोठा बदल त्यानंतर तीस वर्षांनी आला. १९८३ साली टाटांचं पाकिटातलं मीठ बाजारात आलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, हसले होते. सुटं मीठ अडीशेरीनं मोजून देणारा माणूस. मिठाला पाकीट कशाला, हे त्यांना कळेना. पण तोवर बायका खडे मीठ पाण्यात विरघळवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी आमटीत ओतायच्या, नाहीतर उन्हात वाळवून जात्यावर दळायच्या. पाकिटानं ते काम वाचवलं. दळणारीनं ते लगेच ओळखलं, दुकानदाराला वेळ लागला.

मग आयोडीन. थोड्या काळासाठी १९९८ ला, मग उठवून, आणि पुन्हा १७ मे २००६ पासून, खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आली. आमच्या पोत्यांवर तेव्हापासून 'खाण्यासाठी नाही' असं छापलेलं येतं. कागदोपत्री ते जनावरांचं आणि चामड्याचं मीठ झालं. शेकडो वर्षं ज्यानं हा मुलूख पोसला त्याची रवानगी गोठ्यात झाली, याचं मला वाईट वाटतं. पण कायदा बरोबर आहे. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि खड्या मिठात ते नावापुरतंच असतं. आता खड्यांतही आयोडीनचं मीठ पाकिटात मिळतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

राहिली चव. सगळ्या मिठांत नव्वद टक्क्यांच्या वर एकच पदार्थ आहे, सोडियम क्लोराइड. फरक उरलेल्या चिमटीत आणि खड्याच्या आकारात. समुद्राच्या खड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहतात, त्यांनीच ते ओल धरतं आणि शेवटी किंचित कडवट लागतं. पण ठेचा करून बघा. तव्यावर भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे खलबत्त्यात घेतले की बारीक मिठावर बत्ता सटकतो, मिरची नुसती लोळते. खडा टाकला की तो कच्चकन फुटतो आणि त्याच्या कडांवर मिरचीची साल फाटते. रस सुटतो तो तिथं. बाजरीच्या भाकरीबरोबरचा ठेचा खड्या मिठाचाच, यावर मी वाद घालणार नाही. लोणच्याला खडे मीठ लागतं असं म्हणतात, आयोडीननं लोणचं काळं पडतं अशीही समजूत आहे. किलोत जेमतेम १५ ते ३० मिलिग्रॅम आयोडीन. त्यानं कैरीचं काय होणार? लोणचं बिघडतं ते ओल्या मिठानं आणि ओल्या हातानं. एक मात्र खरं: मोठ्या खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून चमचाभर बारीक मीठ वजनाला खड्यांपेक्षा जास्त भरतं. आजीच्या मापानं नवं मीठ घालणारीची आमटी म्हणूनच खारट होते.

सैंधव आमच्याकडं उपवासाचं म्हणून थोडं खपतं, बरंचसं वैद्याच्या चिठ्ठीवर. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, तेव्हा दिंड्यांचे आचारी माझ्याकडून मीठ नेतात. इतक्या वर्षांत एकानंही सैंधव मागितलं नाही. पिठलं-भाकरीला जे असेल ते, एकादशीच्या खिचडीलाही तेच. पादेलोण हिरडा-आवळ्यासारख्या वस्तूंबरोबर भट्टीत तापवून करतात. त्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाचा. ताकात, पन्ह्यात छान, आमटीत नको. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यानं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हे मी प्रत्येक पाकिटाबरोबर सांगतो.

आणि गुलाबी? हिमालयाच्या नावानं विकलं जाणारं हे मीठ मुख्यतः त्याच खेवड्याच्या खाणीतलं, हिमालयापासून लांबचं. गुलाबी रंग लोहाच्या गंजाचा. २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क बसलं, मे २०२५ मध्ये आयातच बंद झाली, तरी पाकिटं येतात. ती कुठून, हे पाकिटावर नीट वाचा. बारदेशाच्या मिठाचा कागद मला इथं पुन्हा आठवतो, कारण या मिठाचा भावही वाट आणि शुल्क यांनीच ठरतो. त्यातल्या ज्या खनिजांची जाहिरात असते ती शेंगदाण्याच्या मुठीत जास्त मिळतील.

तेव्हा, रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं बारीक घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, उघड्यावर आयोडीन उडतं. ठेच्यापुरतं आयोडीनचं खडं जवळ असू द्या. कुठलंही घेतलं तरी माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरच. आणि बिलात मिठापुढं कर लावलेला दिसला तर दुकानदाराला जरूर विचारा: मीठ पांढरं, काळं, गुलाबी कुठलंही असो, त्यावर जीएसटी शून्य आहे.